केशभूषेचा धंदा आणि घरांतील विद्यार्थी

महाराष्ट्रांत केशभूषेच्या धंद्यावर ज्यांचा संसार चालतो, त्यांच्या घरीं मुलगा किंवा मुलगी बारावींत गेली म्हणजे भिंतीवर दोन पंचांगें लागतात असें म्हटलें तरी चालेल. एक नेहमींचें, लग्नाच्या मुहूर्तांचें. आणि दुसरें परीक्षांच्या तारखांचें. ह्या दोहोंचें एकमेकांशीं मुळींच जमत नाहीं. तुळशीचें लग्न लागलें कीं लग्नसराई सुरू होते. पौषांत ती कांहींशी थंडावते. माघ-फाल्गुनांत पुन्हां उचल खाते आणि वैशाखांत तिला भरतें येतें. इकडे राज्य मंडळाची बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्यें होते. अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्र ह्यांच्या प्रवेशाची सामायिक परीक्षा एप्रिल-मेच्या सुमारास येते. आणि वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा अलीकडे बहुधा मे महिन्याच्या पहिल्या रविवारीं घेतली जाते. म्हणजे ज्या आठवड्यांत मुलाला आपलें माणूस जवळ असावेंसें वाटतें, नेमक्या त्याच आठवड्यांत त्याच्या आईला पहाटे चार वाजतां उठून नवरीचा अंबाडा घालण्यासाठीं मंगल कार्यालय गांठावें लागतें.

इतर धंद्यांतहि हंगाम असतात. परंतु शेतकऱ्याची पेरणी दोन दिवस पुढें ढकलतां येते, शिंप्याचा सदरा एक दिवस उशिरां दिला तरी गिऱ्हाईक रागावून शेवटीं तोच घेऊन जातें. नवरीचें काम बिघडलें तर तें दुसऱ्या दिवशीं दुरुस्त करतां येत नाहीं. आणि परीक्षेचा दिवसहि परत येत नाहीं. दोन्ही बाजूंना न चुकवितां येणारी वेळ आहे, हें ह्या पेंचाचें खरें स्वरूप होय.

जुन्या गांवगाड्यांत हा पेंच नव्हता, कारण तेथें धंदा आणि मुलाचें शिक्षण ह्या दोन वेगळ्या गोष्टीच नव्हत्या. न्हावी हा बारा बलुतेदारांपैकीं एक. सुगीच्या वेळीं धान्याच्या रूपानें त्याचें बलुतें त्याच्या घरीं येई, आणि त्याचा मुलगा धोकटी उचलून बापाच्या मागोमाग चालूं लागला कीं त्याची शाळा सुरू होई. वस्तरा धरण्यास हात तयार झाला कीं परीक्षा उतरली. संत सेना महाराजांची कथा ह्याच धंद्यांतली. सेना पूजेंत गढून गेले, राजाचें बोलावणें आलें, तेव्हां विठ्ठलानेंच त्यांचें रूप घेऊन, धोकटी काखेला मारून, राजाची हजामत केली असें ती सांगते. भक्तीचें माहात्म्य सांगणारी ही कथा एका अगदीं व्यावहारिक अडचणीवरहि बोट ठेवते. ह्या धंद्यांत ज्याचा हात त्यालाच जावें लागतें. आणि दुसरें काहीं महत्त्वाचें चाललें असेल तर आपल्या जागीं उभा राहणारा, आपल्याच हाताचा, कोणी तरी लागतो. आजच्या पार्लरवाल्या बाईला विठ्ठल मिळणें दुरापास्त. तिनें एखादी चांगली मदतनीस दोन वर्षें आधींपासून तयार करून ठेवली, तर तेवढ्यानें भागतें. पुष्कळजणी ती करीत नाहींत. मदतनिसीच्या हातीं कसब गेलें कीं ती गल्लीच्या टोंकाला स्वतःचें दुकान थाटील, ही भीति त्यांना वाटते, आणि ती अगदींच निराधार असते असेंहि नाहीं. तथापि ज्या घरांत मुलगा दहावींत आहे, त्या घरानें ही भीति बाजूस ठेवून मदतनीस शिकवावयास घेणें शहाणपणाचें. कारण तयार हात तीन महिन्यांत होत नाहीं.

आतां ह्या कामांत असें काय आहे कीं तें मध्येंच टाकून उठतां येत नाहीं, हें समजून घेतलें पाहिजे. केस हा मुख्यतः केराटिन नांवाच्या प्रथिनाचा बनलेला असतो, आणि त्या प्रथिनाच्या सांखळ्या एकमेकींना गंधकाच्या दुव्यांनीं जोडलेल्या असतात. केस कुरळा कीं सरळ, हें बऱ्याच अंशीं ह्या दुव्यांवर अवलंबून राहतें. केस कायमचे सरळ करावयाचे तर प्रथम एका द्रव्यानें ते दुवे तोडतात, मग केस हवे तसे बसवितात, आणि नंतर दुसऱ्या द्रव्यानें, बहुधा हायड्रोजन पेरॉक्साइडनें, ते दुवे पुन्हां जोडून घेतात. पहिलें द्रव्य जरूरीपेक्षां अधिक काळ राहिलें तर केस दुबळे होऊन तुटूं लागतात. लांब व दाट केसांना ह्या सर्व खटाटोपास तीन-चार तास सहज लागतात, आणि त्यांतील कांहीं मिनिटें अशीं असतात कीं त्या वेळीं खुद्द घरून फोन आला तरी हात सोडवून घेतां येत नाहीं. उलट, रंग लावल्यावर तो चढण्यास अर्धा-पाऊण तास जातो. त्या अवधींत कारागीर बऱ्यापैकीं मोकळी असते.

हा फरक मुलाला ठाऊक असणें फार उपयोगाचें. 'आई फोन उचलीत नाहीं' आणि 'आईच्या हातांत आतां पहिलें द्रव्य आहे' ह्या दोन वाक्यांचा सोळा-सतरा वर्षांच्या मनावर होणारा परिणाम अगदीं निराळा आहे. पहिल्या वाक्यांत उपेक्षा आहे. दुसऱ्यांत नुसती माहिती आहे. ज्या घरांत मुलांना धंद्याचे टप्पे समजावून सांगितलेले असतात, तेथें मूल विचारतें, 'रंग आहे कीं स्ट्रेटनिंग?' आणि त्याप्रमाणें आपला प्रश्न आतां विचारावा कीं तासाभरानें, हें ठरवितें. आपल्याकडे पालक स्वतःच्या कामाविषयीं मुलांशीं सहसा बोलत नाहींत; बोललेच तर कष्ट सांगतात, काम सांगत नाहींत. कष्ट ऐकून मुलाला अपराधी वाटतें. काम समजलें तर आदर वाटण्याची निदान शक्यता असते.

जागेचा प्रश्नहि ह्याला लागूनच आहे. पुष्कळ पार्लरें घराच्या पुढच्या खोलींत असतात आणि मधल्या पडद्यापलीकडे मुलाचें अभ्यासाचें टेबल असतें. सोय वाटते, परंतु केस सरळ करण्याच्या कांहीं द्रव्यांतून उष्णता लागतांच फॉर्माल्डिहाइड वायु बाहेर पडतो, आणि हा वायु मनुष्यांत कर्करोगास कारण होतो असा निष्कर्ष कर्करोग-संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें २००४ सालीं काढला आहे. तेव्हां ज्या दिवशीं तें काम असेल त्या दिवशीं खिडक्या उघड्या, पंखा बाहेरच्या बाजूस वारा टाकणारा, आणि मुलाचें टेबल शेजाऱ्याकडे किंवा वाचनालयांत, अशी व्यवस्था असावी. फॉर्माल्डिहाइड नसलेलीं द्रव्यें वापरतां आलीं तर उत्तमच. त्यांत मुलाबरोबर कारागिरणीचेंहि हित आहे. हातमोज्यांचा कंटाळा करणाऱ्या बायकांचीं बोटें पुढें वर्षानुवर्षें चिरलेलीं राहतात, हें ह्या धंद्यांतल्या सर्वांना माहीत असून पाळणाऱ्या थोड्या.

सुटीचें गणित याहून चमत्कारिक आहे. महाराष्ट्रांत केशकर्तनालयें बहुतेक ठिकाणीं सोमवारीं बंद असतात, आणि रविवार हा धंद्याचा सर्वांत गर्दीचा दिवस. मुलाची सुटी रविवारीं. एकाच घरांत दोन रविवार नांदतात आणि त्यांची गांठ पडत नाहीं. पार्लर रात्रीं साडेआठ-नऊला बंद होतें, झाडलोट व हिशेब होईपर्यंत दहा वाजतात. ह्यावरून अशा घरांतील आया स्वतःला दोष देत असतात कीं, मुलाची संध्याकाळ आपल्या हातून जाते.

परंतु येथें निसर्गानें थोडी अनुकूलता ठेवली आहे. किशोरवयांत शरीरांतील घड्याळ मागें सरकतें. झोंप उशिरां येते आणि सकाळीं उठवत नाहीं. ह्यांत आळस थोडा आणि वय अधिक असतें. आईबाप मात्र 'लवकर निजे, लवकर उठे' ह्याचा घोष चालू ठेवतात. रात्रीं दहा-साडेदहाला हें वय खऱ्या अर्थानें जागें असतें, आणि नेमकी त्याच वेळीं केशभूषाकाराची आई घरीं येते. उलट नोकरी करणारी आई त्या वेळीं झोंपेला आलेली असते. शिवाय पार्लर सकाळीं दहाच्या आधीं क्वचित् उघडतें, म्हणून सकाळहि तिच्या हातीं असते. तेव्हां वेळ मुळींच नाहीं हें खरें नव्हे. आहे तो वेळ इतर घरांच्या घड्याळाशीं जुळत नाहीं, इतकेंच. अडचण ही कीं, रात्रीं घरांत पाऊल टाकतांच दिवसभराच्या अभ्यासाचा जमाखर्च मागण्याची संवय पुष्कळांना असते. बारा तास उभें राहून आलेल्या बाईनें पहिला प्रश्न 'किती धडे झाले?' असा केला, कीं ती मोलाची अर्धी घटका तेथेंच संपली. जेवण व्हावें, दुकानांतल्या गमतीच्या चार गोष्टी व्हाव्या, आणि अभ्यासाचा विषय सकाळच्या चहाला ठेवावा. मात्र रात्रीच्या ह्या गप्पा लांबूं देऊं नयेत. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोंप लागते असें निद्राशास्त्राच्या अमेरिकन अकादमीनें २०१६ सालीं सांगितलें आहे, आणि सकाळीं सातच्या शिकवणीला जाणाऱ्या मुलाला ती मिळत नाहीं हें कोणीहि बोटांवर मोजून पाहूं शकेल.

केसांचा धंदा आणि लेकीचें शिक्षण ह्यांच्या ओढाताणीचें जगांतलें सर्वांत प्रसिद्ध घर अमेरिकेंत होऊन गेलें. सारा ब्रीडलव्ह ही स्त्री पुढें मादाम सी. जे. वॉकर ह्या नांवानें गाजली. लुइझियाना संस्थानांतील डेल्टा ह्या गांवाजवळ, कापसाच्या मळ्यावर, २३ डिसेंबर १८६७ रोजीं तिचा जन्म झाला. तिचे आईबाप त्याच मळ्यावर गुलाम होते. भावंडांत स्वतंत्र म्हणून जन्मलेली ही पहिली. सातव्या वर्षीं पोरकी, चौदाव्या वर्षीं विवाहित, आणि विसाव्या वर्षाच्या सुमारास विधवा. पदरीं १८८५ सालीं जन्मलेली लीलिया नांवाची मुलगी. त्याच काळांत महाराष्ट्रांत ह्या वयाच्या उच्चवर्णीय विधवेचे केस उतरविले जात. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकारानें मुंबईच्या न्हाव्यांनीं विधवांचें केशवपन करण्यास नकार दिला तोहि १८९० च्याच सुमारास. जगाच्या एका टोंकाला विधवेचे केस जात होते, आणि दुसऱ्या टोंकाला एक विधवा केसांवर आपलें नशीब उभारणार होती.

साराचे भाऊ सेंट लुइस शहरांत न्हाव्याचा धंदा करीत. ती त्यांच्याकडे गेली. पण तिच्या हाताला काम मिळालें तें लोकांचे कपडे धुण्याचें. दिवसाकाठीं डॉलर-दीड डॉलर मिळकत. स्वतःला अक्षरओळख बेताची. तथापि चर्चमधील शिकल्या-सवरल्या बायकांचा सहवास घडला आणि आपली मुलगी शिकली पाहिजे हें तिच्या मनानें घेतलें. सुमारें तेरा-चौदा वर्षें धुणें धुऊन तिनें सांठविलेल्या पैशावर लीलिया टेनेसींतील नॉक्सव्हिल कॉलेजांत गेली. वॉकरबाईंची कथा सांगतांना लोक इतके घाईंत असतात कीं ही बारीक गोष्ट त्यांच्या नजरेंतून सुटते: त्या मुलीचें कॉलेज केसांच्या लाखों डॉलरांवर झालें नाहीं, तें धुण्याच्या टबावर झालें. पैसा आला तेव्हां मुलगी कॉलेजच्या वयांतून बाहेर पडली होती.

केसांचा धंदा सुरू झाला तो तिचे स्वतःचे केस गळूं लागल्यामुळें. गरीब वस्तींत घरांत नळ नसत, डोकें क्वचित् धुतलें जाई, साबण दाहक असत, आणि टाळूचे रोग सर्रास होते. प्रथम ती ॲनी टर्नबो ह्या दुसऱ्या कृष्णवर्णी उद्योजिकेच्या मालाची विक्रेती झाली. १९०५ सालीं डेन्व्हरला गेली. १९०६ सालीं चार्ल्स वॉकर ह्यांच्याशीं विवाह करून त्यांच्या नांवानें स्वतःचें मलम विकूं लागली. त्यांत गंधक होतें, मेण होतें आणि आपल्या ओळखीचें खोबरेल होतें. तापवून केस सरळ करण्याचा कंगवा तिनें शोधून काढला असें पुष्कळ ठिकाणीं छापलेलें आढळतें, तें खरें नाहीं. तो आधींपासून वापरांत होता. तिचें खरें कसब विक्रीची पद्धति बसविण्यांत व बायकांना कामाला लावण्यांत होतें. ती गांवोगांव हिंडूं लागली. मग डेन्व्हरला टपालानें येणाऱ्या मागण्या कोण पुरवणार? एकवीस वर्षांची लीलिया. नॉक्सव्हिलची पदवी राहिली ती राहिलीच. १९०८ सालीं पिट्सबर्गमध्यें मायलेकींनीं केशसंगोपनाची शाळा काढली आणि तिचें नांव ठेवलें 'लीलिया कॉलेज'. मुलीनें कॉलेजांत शिकावें म्हणून जिनें टबावर हात झिजविले, तिला मुलीच्या नांवाचें कॉलेज पाहावयास मिळालें; फक्त तेथें शिकवीत केस धुण्याची, मलम लावण्याची आणि तापलेला कंगवा फिरविण्याची विद्या.

पुढें १९१० सालीं इंडियानापोलिस येथें त्यांचा कारखाना उभा राहिला. तेथेंच लीलियानें १९१२ सालीं फेअरी मे ब्रायंट नांवाची एक मुलगी दत्तक घेतली. तिची आई विधवा होती. मुलीला शिक्षण मिळेल, ह्या वचनावर तिनें संमति दिली. मुलीच्या लांबसडक, दाट वेण्या वॉकर कंपनीच्या मालाची चालती-बोलती जाहिरात होऊं शकत होत्या, आणि झाल्याहि. वॉकरबाईंच्या दौऱ्यांत ती त्यांच्याबरोबर असे. तरी वचन सर्वस्वीं बुडालें नाहीं: तिला अटलांटाच्या स्पेलमन विद्यालयांत धाडण्यांत आलें. एकाच घरांत दोन मुली. दोघींच्या बाबतींत धंद्यानें शिक्षणाच्या वाट्याचे दिवस उचलले, एकीचे कायमचे, दुसरीचे कांहीं काळ. ह्याबद्दल वॉकरबाईंना बोल लावणें अन्यायाचें होईल. त्या काळीं कृष्णवर्णी पदवीधर तरुणीला कोणत्या कचेरीचें दार उघडें होतें? घरच्या धंद्यांत तिला जें स्थान मिळालें तें बाहेर मिळालें नसतें. परंतु आपल्याकडे आज ती अडचण नाहीं, आणि तरीहि पहिली मोठी लग्नसराई आली कीं हाताशी मुलगी हवी असें वाटतेंच. १९१९ च्या मे महिन्यांत, वयाच्या एकावन्नाव्या वर्षीं, रक्तदाब व मूत्रपिंडाच्या विकारानें वॉकरबाई गेल्या. विश्रांति घ्या म्हणून डॉक्टर सांगत होते. त्या दौऱ्यावर होत्या.

आतां पैशाकडे वळूं. लग्नसराई परीक्षेच्या आड येते हें सर्वांच्या लक्षांत येतें. पण प्रवेशाचा काळ चातुर्मासाशीं गांठ घालतो हें फारसें कोणी मनांत घेत नाहीं. आषाढी एकादशीपासून मुहूर्त थांबतात. श्रावणांत कित्येक पुरुष दाढी-केस राखतात. पितृपक्षांत कोणी नवें कांहीं करीत नाहीं. दुकानांत बसून माशा माराव्या असे दिवस येतात, आणि नेमके तेव्हांच महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होऊन फीचा पहिला हप्ता, वसतिगृहाची अनामत, पुस्तकें, असें सर्व एकदम दारांत उभें राहतें. वेळ भरपूर, पैसा नाहीं. वैशाखांत उलट: पैसा भरपूर, वेळ नाहीं. शहाण्या केशभूषाकारानें म्हणून वैशाखाच्या कमाईवर आधींच आषाढाचें नांव घालून ठेवावें. प्रत्यक्षांत ज्येष्ठांत हातीं पैसा दिसतांच नवी खुर्ची, नवा आरसा, वातानुकूलनाचें यंत्र घेतलें जातें, कारण मालाचे विक्रेते त्याच सुमारास बरोबर दुकानांत येऊन बसतात. खुर्ची दिवाळीपर्यंत थांबूं शकते. प्रवेशाच्या फेरीची मुदत मात्र कांहीं दिवसांची असते, आणि मिळालेली जागा फी न भरल्यामुळें गेली तर ती दुसऱ्याची होते.

ह्या धंद्यांतील मिळकत दिवसागणिक बदलणारी. दुकान बंद म्हणजे उत्पन्न बंद, हें २०२० सालीं फार कठोरपणें दिसलें. मार्चमध्यें महामारीची टाळेबंदी आली ती महाराष्ट्रांतील केशकर्तनालयांना २८ जूनपर्यंत; त्यानंतरहि प्रथम केवळ केस कापण्यासारख्या मोजक्या कामांची मुभा होती. २०२१ च्या एप्रिलमध्यें दुकानें पुन्हां बंद झालीं. त्या दोन वर्षांत ज्यांचीं मुलें कॉलेजच्या उंबरठ्यावर होतीं, त्यांच्या घरीं काय झालें असेल ह्याची कल्पना करतां येते. 'आमच्या मुलाला ह्या धंद्यांत घालावयाचें नाहीं' हें वाक्य तेव्हांपासून अधिक ऐकूं येऊं लागलें असेल तर नवल नाहीं.

सरकारी मदतीच्या योजना आहेत, पण त्यांचें दार कागदपत्रांच्या किल्लीनें उघडतें. ८ जुलै २०२४ च्या निर्णयानें महाराष्ट्र शासनानें आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग ह्यांतील ज्या कुटुंबांचें वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केलें. त्यापूर्वीं निम्मी सवलत होती. अट ही कीं, प्रवेश केंद्रीय प्रक्रियेंतून झाला पाहिजे. व्यवस्थापनाच्या कोट्यांतून घेतलेल्या जागेस ही सवलत नाहीं. नाभिक समाज महाराष्ट्रांत इतर मागास वर्गांत येतो. त्यामुळें जातीचा दाखला, त्याची पडताळणी, उन्नत व प्रगत गटांत मोडत नसल्याचें प्रमाणपत्र आणि तहसीलदारांकडील उत्पन्नाचा दाखला, हीं कागदपत्रें बारावीचा निकाल लागण्याआधीं हातीं असावीं. जात-पडताळणीला महिने लागूं शकतात. अकरावींतच अर्ज केलेला बरा. ह्या कामाला सोमवार उपयोगी पडतो: दुकान बंद, कचेरी उघडी. इतर नोकरदार पालकांना ज्यासाठीं रजा काढावी लागते तें केशभूषाकाराला आपल्या हक्काच्या सुटींत करतां येतें.

उत्पन्नाचा दाखला मागतांना एक अडचण हमखास येते. पार्लरांत रोकड येते, रोकड जाते, आणि लिहिलेलें कांहींच नसतें. रोजची जमा व खर्च एका साध्या वहींत लिहिण्याची संवय ठेवली तर दाखल्याला, बँकेला आणि स्वतःच्या डोक्यालाहि ती उपयोगी पडते. ही वही लिहिण्याचें काम मुलाकडे द्यावें कीं काय? आठवड्यांतून एकदां, पंधरा मिनिटें, अवश्य द्यावें. घरचा पैसा कसा येतो हें त्यायोगें त्याला कळतें आणि फीची रक्कम किती मुंड्यांवर उभी आहे हेंहि दिसतें. त्यापलीकडे परीक्षेच्या वर्षीं त्याला दुकानांत उभें करूं नये.

केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजीं सुरू झाली. तिच्या १८ धंद्यांत न्हाव्याचा धंदा आहे. तींत प्रशिक्षण, हत्यारांसाठीं १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य, आणि तारणावांचून प्रथम १ लाख व नंतर २ लाख रुपये कर्ज, ५ टक्के व्याजानें, अशी तरतूद करण्यांत आली. हें कर्ज दुकानासाठीं आहे. तें उचलून फी भरण्याचा मोह टाळावा. शिक्षणासाठीं बँकांचें वेगळें कर्ज असतें आणि त्याची फेड बहुधा शिक्षण संपल्यावर सुरू होते, तर दुकानाच्या कर्जाचा हप्ता पुढल्याच महिन्यापासून दारांत येतो.

महाविद्यालयाच्या अर्जांत 'पालकाचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. त्यांत कित्येक मुलें 'व्यापार' एवढेंच लिहितात. खोटें तें नव्हे. तरी न्हाव्याच्या मुलानें हा शब्द निवडण्यामागें काय आहे हें सर्वांस ठाऊक आहे: ज्या गांवांत बापाला नांवाऐवजीं जातीनें हांक मारीत, तेथून तो मुलगा आला आहे. शहरांत आतां सर्व जातींच्या बायका-पुरुषांनीं हा धंदा पत्करला आहे, त्याचें नांव बदललें आहे, दर वाढले आहेत. पण रकाना भरतांना पेन क्षणभर थबकतेंच. येथें उपदेशानें कांहीं साधत नाहीं. आईनें केसांतील गंधकाच्या दुव्यांविषयीं दोन वाक्यें सांगितलीं आणि मुलाला तीच गोष्ट रसायनाच्या पुस्तकांत भेटली, तर तो रकाना कदाचित् निराळा भरला जाईल. कदाचित् जाणारहि नाहीं. आणि एखाद्या मुलीला शिकून-सवरून ह्याच धंद्यांत यावेंसें वाटलें तर तिला पदवी आधीं, खुर्ची नंतर, हा क्रम ठेवतां येतो. खुर्ची कोठें पळून जात नाहीं.

राहतां राहिला नवरीच्या पहाटेचा प्रश्न. लग्नाचीं कामें चार-सहा महिने आधीं ठरतात आणि एकदां विसार घेतला कीं शब्द मोडतां येत नाहीं. म्हणून नव्या वर्षाची नोंदवही उघडतांच प्रथम परीक्षांचे दिवस लाल शाईनें लिहावे, मंडळानें तारखा बदलल्या तर त्याहि बदलाव्या, आणि त्यानंतर गिऱ्हाइकांचे मुहूर्त मांडावे. बहुतेक बायका ह्याच्या उलट करतात. परीक्षेच्या दिवशींच मोठें काम आलें, तर तें सकाळच्या मुहूर्ताचें असेल तरच घ्यावें. चार वाजतां सुरू केलेलें नवरीचें डोकें आठाच्या आंत होतें. मदतनिसीला तेथें ठेवून निघालें तर घरीं येऊन, मुलाबरोबर दोन घांस खाऊन, साडेदहाला परीक्षाकेंद्राच्या फाटकाशीं पोंचतां येतें.